गच्चीवरचं केंद्र

१९९३ साली अंधेरीत चित्रित झालेली मालिका अंधेरीतच बघायची, तर तिला आधी हाँगकाँगला जाऊन यावं लागे. स्टुडिओत चित्रीकरण आणि संकलन झालं की कॅसेट सहारच्या विमानतळावरून निघायची. हाँगकाँगमधून ती आशियासॅट-१ या उपग्रहाकडे सोडली जायची, आणि विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर बसलेला तो उपग्रह अर्ध्या आशियावर तिचा वर्षाव करायचा. तो झेलायला अंधेरीतल्याच एखाद्या गच्चीवर जाळीची डिश तोंड वर करून उभी. खासगी वाहिन्यांना भारतातून उपग्रहाकडे प्रक्षेपण पाठवायची परवानगी नव्हती, म्हणून हा एवढा वळसा. खाली उतरताना मात्र त्या मालिकेला कोणी अडवत नव्हतं. गच्चीवरून ती तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत नेणारा माणूस महिन्याला पन्नास-शंभर रुपये घ्यायचा. त्याला केबलवाला म्हणायचे.

अमेरिकेत गावोगावी, अगदी शेतीच्या मुलखातसुद्धा, छोटी टीव्ही केंद्रं असतात. मोठ्या नेटवर्कशी ती संलग्न असतात. मालिका आणि देशाच्या बातम्या नेटवर्ककडून घ्यायच्या, आणि मधल्या वेळात गावातली आग, पावसाचा अंदाज, धान्याचे भाव, कोपऱ्यावरच्या दुकानाची जाहिरात आपली घालायची, असा तो संसार. आपल्याकडे तालुक्याचं सोडा, जिल्ह्याचंही असं स्वतःचं केंद्र झालं नाही. दूरदर्शन होतं, ते सरकारचं. त्या जातीचं काही आपल्याकडे घडलंच असेल, तर ते घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या गच्च्यांवर घडलं. त्याला केंद्र असं कोणी म्हटलं नाही, एवढंच.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, वरळीहून. दुसऱ्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झालं आणि वरळीचं चित्र पुण्यात दिसू लागलं. एकच कार्यक्रम, सगळ्यांना सारखा. ‘आमची माती आमची माणसं’मध्ये फवारणीची आणि खतांची माहिती चालू असायची आणि घाटकोपरच्या भटवाडीत चाळीचे लोक ती मन लावून बघायचे. यात हसण्यासारखं मला काही वाटत नाही. त्यातल्या निम्म्यांची साताऱ्याला, कोकणात थोडीफार जमीन होती आणि भाताचं काय झालं याचं पत्र यायला आठवडा लागायचा. मग गुजराती ‘संताकुकडी’ लागली की तीच चाळ शेजारच्या गुजराती घराकडे वळायची. टीव्ही बहुधा त्याच घरात असायचा, म्हणूनही.

वरळीपासून बोरिवली सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर. तेवढ्यासाठी कौलावर, पत्र्यावर, गच्चीवर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना, तोंड दक्षिणेकडे. कावळा बसला की ती फिरायची, पाऊस झाला की फिरायची. मग एक जण वर, एक खिडकीत, एक टीव्हीसमोर, आणि तिघांत मिळून एकच संवाद: दिसतंय का? अंधेरी-पार्ल्याला आणखी एक खोड होती. विमान उतरायला लागलं की चित्र थरथरायचं, कारण विमानाच्या अंगावरून परतलेल्या लहरी थेट येणाऱ्या लहरींत मिसळायच्या. विमानतळाजवळच्या पोरांना आवाज यायच्या आधी पडद्यावरून विमान कळायचं.

केबलचा जन्म मुळात डोंगरामागच्या खेड्यांसाठी झाला. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत ओरेगन आणि पेनसिल्व्हेनियात, जिथे डोंगर आडवा आल्याने शहरातलं केंद्र दिसत नव्हतं, तिथे लोकांनी उंचावर एक सामाईक अँटेना उभारून घरोघर तार नेली. आपल्या उपनगरांत गरज उलटी होती. दूरदर्शन दिसत होतं, पण तेवढंच दिसत होतं. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, त्याच्याबरोबर व्हीसीआर आला, आणि साधारण १९८४ पासून कोणाच्या तरी लक्षात आलं की तळमजल्यावर एक व्हीसीआर लावला आणि वायर जिन्यातून वर नेली तर सगळ्या इमारतीला एकच सिनेमा दाखवता येतो. कॅसेट एक, भाडं एक, घरं चोवीस. मग शेजारची इमारत.

हे उपनगरातच का फोफावलं याचं उत्तर शिरगणतीत आहे. १९९१ साली शहरात ३१ लाख ७५ हजार लोक होते आणि उपनगरांत ६७ लाख ५१ हजार. हा फुगवटा तीन-चार मजली सोसायट्यांत, म्हाडाच्या वसाहतींत आणि दाट वस्त्यांत भरला होता. गच्चीवरून गच्चीवर केबल फेकायला अंतर ते किती! चारकोप-गोराईला तर जागतिक बँकेच्या मदतीने आखलेल्या प्लॉटांवर एकाला एक लागून बैठी घरं उठत होती. तिथे एका बंडलात अख्खी गल्ली व्हायची. जिथे बंगले, तिथे केबलवाल्याचं नुकसान.

सिनेमावाले अर्थात चिडले. १९८९ मध्ये गरवारे प्लास्टिक्स अँड पॉलिएस्टर विरुद्ध टेलिलिंक या खटल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी दिला. गरवारेंकडे सिनेमांचे व्हिडिओ हक्क होते. केबलवाल्यांच्या बाजूचा युक्तिवाद असा, की लोक आपापल्या घरात, दार लावून सिनेमा बघतात, त्याला जाहीर खेळ कसं म्हणायचं? न्यायालयाने तो मानला नाही. पैसे भरून एका तारेला जोडलेली घरं मिळून ‘जनता’च होते, प्रत्येक जण स्वतःच्या दिवाणावर बसला असला तरी. मला हा निकाल नेहमी कायद्यापेक्षा समाजशास्त्राचा वाटत आला आहे. उपनगरातल्या अनोळखी शेजाऱ्यांना ‘तुम्ही मिळून एक प्रेक्षक आहात’ हे सगळ्यात आधी एका न्यायाधीशांनी सांगितलं. केबलवर सिनेमे चालू राहिले, ते वेगळं.

जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटलं आणि बड्या हॉटेलांत सीएनएन बघायला गर्दी झाली. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झालं: स्टार प्लस, प्राइम स्पोर्ट्स, एमटीव्ही, बीबीसी. आता व्हीसीआरवाल्यांनी डिश घेतल्या. आशियासॅट-१ हा १०५.५ अंश पूर्व रेखांशावर होता. म्हणजे मुंबईतून आग्नेयेला तोंड करायचं आणि साधारण ४७ अंश वर बघायचं. इतकं उंच बघायचं असल्याने ना बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आड येई, ना मुलुंडला. गाडीतून बाहेर बघताना गच्च्यांवर एका दिशेला वळलेल्या डिशांची रांग दिसू लागली. अँटेना वरळीला वळलेल्या, डिशा आग्नेयेला.

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत जे घडलं त्याची चित्रं उपनगरातल्या घरांनी बीबीसीवर बघितली. दूरदर्शन हात राखून बोलत होतं. दोनच महिन्यांपूर्वी, २ ऑक्टोबरला, म्हणजे मुंबई दूरदर्शनच्या नेमक्या विसाव्या वाढदिवशी, झी टीव्ही सुरू झाला होता. तो काढणारे सुभाष चंद्र उपनगरांना अगदीच परके नव्हते. गोराईच्या खाडीपलीकडे त्यांच्या एस्सेल समूहाचं एस्सेलवर्ल्ड १९८९ पासून चालू होतं, आणि बोरिवलीहून होडीत बसून पोरं तिकडे जात होती. करमणुकीला लोक खाडी ओलांडून पैसे मोजतात हे ज्याने पाहिलं, त्याला ते घरात बसून मोजतील हे ओळखायला फार वेळ लागला नसावा.

आता कंट्रोल रूममध्ये शिरू. नाव भारदस्त, प्रत्यक्षात ती एखाद्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याच्या टाकीशेजारची खोली किंवा तळमजल्यावरचा गाळा असायची. आत रॅकवर रिसीव्हर, प्रत्येकाखाली मॉड्युलेटर, सगळं गरम, वर पंखा. सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं. एका वाहिनीला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर लागायचा, म्हणून वाहिनी वाढवणं हा खर्चाचा प्रश्न होता. शिवाय लोकांच्या जुन्या टीव्हींना बटणंच आठ नाहीतर बारा. त्यामुळे कुठली वाहिनी घ्यायची आणि कुठल्या बटणावर ठेवायची, हे ठरवणारा माणूस त्या मोहल्ल्याचा कार्यक्रम-संचालक होता. हा अधिकार पुढे वाहिन्यांनी पैसे मोजून विकत घेतला, पण सुरुवातीला तो केबलवाला आपल्या अक्कलहुशारीने वापरायचा. मुलुंडच्या दाक्षिणात्य इमारतींना १९९३ मध्ये सुरू झालेलं सन टीव्ही हवं असायचं, मल्याळी घरांना एशियानेट. घाटकोपर पूर्वेला दुपारच्या वेळी गुजराती नाटकाची कॅसेट. मुलुंड कॉलनीत फाळणीनंतर येऊन वसलेल्या सिंधी-पंजाबी घरांची आवड आणखी वेगळी. कोणाच्या घरी काय चालतं हे त्याला कुठल्याही पाहणीशिवाय माहीत असायचं, कारण पैसे न्यायला येणाऱ्या मुलाला दारातच ऐकवलं जायचं.

आणि मग त्याचं स्वतःचं चॅनल. व्हीसीआरवर चालणारं, दुपारी एक सिनेमा, रात्री एक. खालून सरकणारी जाहिरातींची पट्टी: दहावीचे क्लासेस, साड्यांचा सेल, दंतवैद्याची बदललेली वेळ, महिला मंडळाचं हळदीकुंकू, हरवलेलं कुत्रं. गणपतीत मंडळाच्या आरतीचं चित्रण त्याच रात्री दाखवलं जायचं आणि ज्यांनी स्वतः आरती केली तीच माणसं परत घरी बसून ती बघायची. आपला मुलगा मागे उभा होता, दिसला की नाही, म्हणून फोन करून कॅसेट पुन्हा लावायला सांगणारे होते, आणि लावणारेही होते. वर ज्या अमेरिकन केंद्राचं वर्णन केलं, त्यात आणि यात फरक मला शोधावा लागतो. बातम्या नव्हत्या, हा एक मोठा फरक. नगरसेवकाच्या कार्यक्रमाचं चित्रण ही जर बातमी मानली, तर तोही नाही.

तांत्रिक बाजू मात्र बेभरवशाची. कंट्रोल रूममधून जाड आरजी-११ केबल निघायची, घरात शिरताना बारीक आरजी-६. तारेतून जाता जाता सिग्नल विरतो, म्हणून ठरावीक अंतरावर अ‍ॅम्प्लिफायर. पण अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो, त्यामुळे लाइनच्या शेवटच्या इमारतीत नेहमी मुंग्या. तिथले लोक पैसे उशिरा द्यायचे, त्याला कारण होतं. हे अ‍ॅम्प्लिफायर कुठल्या तरी जिन्यातल्या नाहीतर दुकानातल्या विजेवर चालायचे. दुकान बंद करताना मालकाने सवयीने मेन पाडला की पुढच्या चार इमारतींत अंधार, टीव्हीपुरता. उपनगरात वीज बीएसईएसची, मुलुंड-भांडुपला मात्र राज्य वीज मंडळाची. पुढे भारनियमन आलं तेव्हा घाटकोपरला दिवे चालू आणि मुलुंडला गेलेले, अशी वाटणी झाली. आपल्या घरात वीज आहे पण केबल नाही, याचा अर्थ तार कुठून फिरून येते, हे त्या दिवसांत मुलुंडकर आपोआप शिकले.

केबलवाल्याच्या राज्याची हद्दही ठरलेली असायची आणि ती बहुतेकदा रेल्वे असायची. रुळांवर १५०० व्होल्टच्या तारा; त्यांच्यावरून कोण केबल ओढणार? म्हणून अंधेरी पूर्व वेगळी, पश्चिम वेगळी. पूर्वेतल्या मावशीकडे दिसणारा सिनेमा पश्चिमेतल्या भाचीकडे दिसत नसे. हद्दीच्या आतल्या हद्दी नाल्याने, रस्त्याने, आणि कधी कधी दादागिरीने ठरत. रात्री तारा कापल्या जायच्या. काही ठिकाणी प्रकरण तारांवर थांबलं नाही. या धंद्याच्या आठवणी सांगताना लोक आजही तेवढा भाग गाळून सांगतात.

सरकारला जाग आली २९ सप्टेंबर १९९४ ला. त्या दिवशी केबल टीव्हीचा वटहुकूम निघाला आणि १९९५ मध्ये त्याचा कायदा झाला. नोंदणी कुठे करायची, तर मुख्य टपाल कार्यालयात! फी पाचशे रुपये. उपग्रहावरून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय वाहिन्यांचं नियंत्रण मनीऑर्डरच्या खिडकीशेजारून होणार होतं. दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखवणं सक्तीचं झालं, आणि २००० सालच्या दुरुस्तीने त्यात एका प्रादेशिक वाहिनीची भर पडली. उपनगर जिल्हा १९९० पासून वेगळा झालेला, त्यामुळे करमणूक शुल्क वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, जोडणीमागे. जोडण्या किती, हे केबलवालाच सांगणार. त्याने किती सांगितल्या असतील, हे वाचकांनी ओळखावं.

दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने मोठा निकाल दिला. हीरो कपच्या क्रिकेट प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती-प्रसारण मंत्रालय भांडत होतं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठाने सांगितलं, की लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. लहरी जनतेच्या झाल्या, तारा मात्र अजून गल्लीतल्या माणसाच्या होत्या; आणि आता त्यांच्यावर मोठ्यांचा डोळा गेला.

हॅथवे रहेजांचं, इनकेबल हिंदुजांचं, सिटीकेबल झीच्या घरचं. १९९५ च्या आसपास हे तिघे उपनगरांत उतरले. त्यांची मोठी कंट्रोल रूम, महागडे डिकोडर, पुढे फायबर. पैसे घेणाऱ्या वाहिन्यांनी सिग्नल कुलूपबंद करायला सुरुवात केली होती, आणि प्रत्येक वाहिनीचा डिकोडर घेणं गल्लीतल्याला परवडत नव्हतं. मग तो कोणाच्या तरी छत्राखाली गेला. तयार सिग्नल नेटवर्ककडून घ्यायचा, आपल्या तारांतून घरोघर पोचवायचा, वसुली करून वाटा वर द्यायचा. नेटवर्कशी संलग्न केंद्र, अगदी शब्दशः. काही जण राजीखुशीने गेले. काहींच्या शेजारी नेटवर्कने दुसरा माणूस उभा करून निम्म्या दरात जोडण्या वाटल्या, तेव्हा गेले. या झटापटीत संघटना आल्या आणि संघटनांमागे पक्ष आले. शिव केबल सेना हे नाव त्यातूनच ऐकू येऊ लागलं. गच्चीवरची डिश गंजली. स्वतःचं चॅनल कुठे चालू राहिलं, कुठे नेटवर्कच्या सिनेमा वाहिनीने ते बटण घेतलं.

भांडणाचं मूळ मात्र तेच राहिलं, आकडा. तीनशे घरं असतील तर केबलवाला वर शंभर सांगायचा. नेटवर्क वाहिनीला त्याहून कमी सांगायचं. वाहिन्या म्हणायच्या आम्हाला लुटतात. मग त्या दर वाढवायच्या. दरवाढ शेवटी दारावर यायची. जुलै २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं, गोरेगावच्या चित्रनगरीत चित्रित होऊन, आणि त्या काळात रात्री नऊला केबल बंद ठेवण्याची धमकी हे अणुबॉम्बसारखं हत्यार झालं. मराठीचं म्हणाल तर अल्फा टीव्ही मराठी १५ ऑगस्ट १९९९ ला आणि ईटीव्ही मराठी २००० च्या जुलैत आलं. त्यांना सुरुवातीला कुठल्या बटणावर बसवलं जातं यावरून दादरपलीकडच्या मराठी घरांनी केबलवाल्याशी जेवढा वाद घातला, तेवढा मराठी पाट्यांवरून घातला असेल का, शंका आहे.

आकडा उघडा पाडायचा उपाय म्हणजे प्रत्येक टीव्हीला बॉक्स. २००२ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली, २००३ मध्ये तारखा पडत आणि सरकत राहिल्या, आणि अखेर ३१ डिसेंबर २००६ ला मुंबईच्या काही भागांत ती लागू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक वेगळंच नाटक घडून गेलं होतं. केबलवर प्रौढांचे सिनेमे दाखवण्याविरुद्धच्या जनहित याचिकेत उच्च न्यायालयाने आदेश दिले होते. ते पाळले जात नाहीत म्हणून पोलिसांनी यंत्रसामग्री जप्त केली, आणि केबलवाल्यांनी शहरभर वाहिन्या बंद केल्या. त्या संध्याकाळी जिन्यांत, फाटकांत, कट्ट्यांवर माणसं उभी राहून बोलत होती. पुढे डीटीएचच्या छोट्या डिशा खिडक्यांच्या ग्रिलांवर उगवू लागल्या आणि पहिल्यांदाच पश्चिमेतला माणूस पूर्वेतल्या माणसाइतकाच स्वतंत्र झाला.

शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर २०१२. मध्यरात्रीपासून महानगरांत अ‍ॅनालॉग केबल बंद, बॉक्स सक्तीचा. त्याआधीच्या आठवड्यात केबलवाल्याच्या गाळ्यासमोर रांगा होत्या. बॉक्समुळे आकडा प्रथमच वरच्यांना कळू लागला, आणि गाळ्यातल्या माणसाकडे तक्रारी ऐकणं, पिन बदलणं आणि वसुली एवढंच उरलं. त्यातले पुष्कळ जण त्याच तारांच्या वाटेने इंटरनेट देऊ लागले.

१ नोव्हेंबरच्या सकाळी ज्या घरांनी बॉक्स घेतला नव्हता, तिथे टीव्हीवर फक्त मुंग्या होत्या. खरं तर वरळीचा मनोरा अजून चालू होता. कौलावर अँटेना असती आणि तिचं तोंड दक्षिणेला असतं, तर १९७२ सारखंच फुकटात दूरदर्शन दिसलं असतं. पण अ‍ॅल्युमिनियमला भाव बरा येतो म्हणून अँटेना कधीच भंगारवाल्याकडे गेल्या होत्या.